पाण्यात पाणी ओतणारा जावई

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. उपनिरीक्षक तेजस्वी परब लालबागच्या चाळीत, सामाईक गॅलरीत दात घासत उभी होती.

"मॅडम, लवकर या," हवालदार उत्तम पलीकडून जवळजवळ ओरडत होते. "पाखाडी बंदरावर सगळे मासे मेलेत. आणि आता एक माणूस मरेल."

"बुडतोय?"

"नाही मॅडम. लोक मारतायत त्याला."

रे रोड स्टेशनच्या मागे लाकडाच्या वखारी संपल्या की पाखाडी बंदर लागतं. त्या मंगळवारी वखारी संपायच्या आधीच वास लागला. उकडलेली अंडी आठवडाभर डब्यात विसरावीत आणि मग डबा नाकाशी उघडावा, तसला. या ठाण्यात दोन वर्षं काढल्यावर आपलं नाक मेलं असा तेजस्वीचा समज होता. तो समज गेला. तिने रुमाल तोंडावर दाबला आणि चालत राहिली.

बंदर म्हणजे एक मोडकी दगडी जेटी, वीसेक होड्या आणि जेटीपलीकडे एक जुना खोल खड्डा. कधीकाळी बोटींसाठी तिथला गाळ उपसला होता. मोठ्या ओहोटीला सगळीकडे चिखल उघडा पडला तरी त्या खड्ड्यात पाणी राहतं. कोळणींच्या बचतगटाचे मासे पोसायचे बारा तरंगते पिंजरे त्याच पाण्यात होते. आज पिंजऱ्यांत जिताडे उताणे पडले होते. तोंडं वासलेली, कल्ले फाकलेले, डोळ्यांवर पांढुरकी साय.

पायऱ्यांवर त्याहून किळसवाणा प्रकार चालला होता. शेकडो चिंबोऱ्या, काळे खेकडे, पाण्यातून बाहेर निघून एकमेकींच्या अंगावर चढत वर येत होत्या, जिवंत. सापासारख्या वामी पायरीवर डोकं टेकून पडल्या होत्या. शेजारच्या चिखलात मात्र निवट्या, चिखलावर राहणारे बोटभर मासे, मजेत उड्या मारत होत्या. चार मांजरं मेलेले मासे खाऊन पोट वर करून झोपली होती.

जेटीच्या मधोमध घोळका होता. उत्तमरावांनी दोन्ही हात पसरून एका तरुणाला पाठीशी घातलं होतं. त्याचा ओठ फाटला होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या गाळाने माखल्या होत्या.

"हाच तो गौतम," उत्तमराव धापा टाकत म्हणाले. "लालबागचा. इथल्या सखुबाईंचा जावई. पिंजऱ्यांच्या कामाला हाही असायचा. यानेच पाण्यात विष टाकलं म्हणतात."

"त्याच्या हातातलं कडं बघा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "काल चांदीचं पांढरं होतं. विषानं काळं पडलं!"

कडं खरंच काजळीसारखं काळं झालं होतं.

घोळक्यापासून जरा लांब एक साठीची कोळीण पदर खोचून उभी होती. हीच सखुबाई, बचतगटाची प्रमुख आणि गौतमची सासू. अकरा बायकांना तिने आपल्या शब्दावर या पिंजऱ्यांत ओढलं होतं. ती ओरडत नव्हती. तिने जावयाकडे एकदा पाहिलं आणि जमिनीवर थुंकली.

"माझ्या पोरीनं परका आणला घरात," ती म्हणाली. "माझीच चूक."

गौतमने मान खाली घातली. मार खाताना त्याने तसं केलं नव्हतं.

*

पुरावे तीन होते, आणि तिन्ही गौतमच्या विरुद्ध.

पहिला म्हणजे व्हिडिओ. कोळीवाड्याच्या ग्रुपवर सोमवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी कोणा वात्रटाने टाकलेला. खाली लिहिलं होतं, 'पाण्यात पाणी ओततोय, येडा जावई.' तेजस्वीने तो चारदा पाहिला. भरतीचं पाणी, पिंजऱ्यांच्या तराफ्यावर पाठमोरा गौतम, हातात निळा कॅन, तो उंचावरून पाण्यात ओततोय. मग हसत हसत कॅमेरा सगळ्या जेटीवरून फिरतो. जेटी रिकामी, टोकाला एक बगळा. व्हिडिओ संपला.

दुसरा पुरावा बारावा पिंजरा. अकरा पिंजऱ्यांत एकही मासा जिवंत नव्हता. बाराव्यात सात जिताडे अजून धडपडत होते, आणि तो पिंजरा गौतमच्या देखरेखीखालचा.

तिसरा पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आला. पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट, काखेत रजिस्टर. त्याचं नाव राजस. खाडीच्या तोंडाशी नव्या रस्त्यासाठी भराव टाकणाऱ्या कंपनीत तो पाणी तपासणीचा अधिकारी होता. भरावाने मासेमारीची जागा गेली म्हणून कंपनीने बायकांना पिंजरे दिले होते. पिंजऱ्यांची जागाही राजसनेच ठरवली होती.

तेजस्वीने त्याला मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसवलं.

"पाणी कधी तपासता?"

"दर सोमवारी, संध्याकाळी सहा. जेटीच्या टोकावर उभं राहून मीटर दोन मीटर खोल सोडतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. मासे त्याच्यावरच जगतात."

"काल?"

"पाच पूर्णांक सहा. चारच्या वर म्हणजे पाणी निरोगी. मी इतकंच सांगेन, निरोगी पाण्यातले मासे बारा तासांत आपोआप मरत नाहीत."

"गौतमला पाहिलंत?"

"हो ना. तो निळा कॅन पाण्यात रिकामा करत होता. मला पाठमोरा होता."

"हाक मारलीत?"

"कामात होतो."

त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. सुंदर अक्षर. ६ ऑक्टोबर, सोमवार, सायं. ६, खोली दोन मीटर, ५.४. १३ ऑक्टोबर, सोमवार, सायं. ६, खोली दोन मीटर, ५.६. एकाही पानावर गाळाचा डाग नव्हता. तेजस्वीच्या स्वतःच्या बुटांना मात्र तासाभरात बोटभर गाळ चिकटला होता.

मग गौतम.

"कॅनमध्ये काय होतं?"

"पाणी."

"कुठलं?"

"तिथलंच. पाण्यातनं काढून पाण्यात ओतत होतो."

उत्तमरावांना हसू आवरेना. तेजस्वी हसली नाही.

"का रे बाबा?"

"मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मॅडम. चाळीत माझ्याकडे फिशटँक होती. लाइट गेली, पंप बंद पडला की मासे असंच करायचे. मग मी मगने वरून पाणी ओतत बसायचो. हवा मिसळते."

"मग बाराव्याच पिंजऱ्यात का ओतलंस?"

"हात दोनच होते. तराफ्याला लागून तोच होता. आठ वाजेपर्यंत ओतलं, परत पहाटे चारला आलो. उजाडेपर्यंत गाळ पार कोपरापर्यंत आला होता."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. पाच पन्नासला राजस सरांना फोन केला. म्हटलं पिंजरे सोडवून भरावापलीकडे मोकळ्या पाण्यात नेऊ का? ते म्हणाले, 'आत्ताच मोजलंय, पाणी उत्तम आहे. पिंजरे हलवलेस तर जबाबदारी तुझी. घरी जा.'" त्याने फाटलेला ओठ पुसला. "त्यांच्याकडे मशीन होतं, मॅडम. माझ्याकडे नुसता कॅन होता."

साडेदहाला वरिष्ठांचा फोन आला. उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, कंपनीचे लोक विचारतायत. तेजस्वी "येस सर" म्हणाली आणि फोन ठेवून तिने जी शिवी दिली ती उत्तमरावांनी ऐकली नाही असं दाखवलं.

मेलेले मासे, पाणी आणि निळा कॅन परळच्या प्रयोगशाळेत रवाना झाले, आणि बाराव्या पिंजऱ्यात वरून पाणी ओतत राहायला तिने एक शिपाई बसवला. गौतमला तिने चौकशीसाठी ठाण्यात ठेवलं. बाहेर सोडलं असतं तर त्याने संध्याकाळ पाहिली नसती.

*

दुपारी ती सखुबाईच्या घरी गेली. दारात शिंपल्यांचा ढीग होता. त्यावर माश्या घोंघावत होत्या.

"शिवल्या," सखुबाई म्हणाली. "कोजागिरीला सांजच्याला काढल्या आमी बायांनी. जेटीच्या टोकाशी. गुडघाभर चिखल, त्यात बसून खरवडल्या. पयले टोपलीभर निघायच्या. आता बग, पाटीभर शिंपल्यांत निम्म्या मेलेल्या."

"खाल्ल्यात?" तेजस्वीने विचारलं.  त्या चिखलात अर्ध्या शहराचे संडास उतरतात.

"खाऊ नाय तर काय करू?"

आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज येत होता. मुलगी पूर्वी, गौतमची बायको. सखुबाईने तिकडे बघायचं टाळलं.

"मावशी, आधी इथे काय काय मिळायचं?"

"मी लगीन होऊन आले तवा रावस यायचा. तो गेला. मग बोय गेली. गिरण्या होत्या तवा नाला कदी लाल, कदी निळा यायचा, तरी कोळंबी होती. गिरण्या गेल्या, टॉवर आले, नाला काळाच झाला. मग कोळंबी गेली. भराव पडल्यापासून पाणी येतं नि जातं ते नुसतं नावाला. आता निवटी तेवढी राहिली. तिला काय, ती चिखलावर बसून हवा खाते."

तेजस्वी दाराकडे निघाली होती, ती थांबली.

"मावशी, विष टाकलं असतं तर निवटी जगली असती?"

 सखुबाई पहिल्यांदाच नीट विचार करत असल्यासारखी दिसली.

"आणि मासे खाऊन मांजरं झोपली असती?"

"जावयानं केलं नाय म्हनतेस?"

"मी अजून काहीच म्हणत नाही. आतल्या खोलीत जा, एवढंच म्हणते."

*

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या मनवाचा फोन आला. मनवा तेजस्वीची कॉलेजातली मैत्रीण.

"विष नाही," ती म्हणाली. "माशांत नाही, पाण्यात नाही, कॅनमध्ये तर खाडीचंच पाणी. गुदमरलेत सगळे. खड्ड्याच्या तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ शून्य, तेजू. वरच्या थरात सव्वा."

"आणि सोमवारी सहाला पाच पॉइंट सहा असू शकतो?"

"बारा तासांत पाच पॉइंट सहावरून इथे? मोठी घाण एकदम टाकली असेल तरच. तसं काही दिसत नाही. हे पाणी कित्येक आठवडे कुजतंय."

"पण कोणीतरी मोजलंय म्हणतो."

"मग एक तर मीटर खोटं, नाहीतर माणूस."

तेजस्वी रजिस्टर घेऊन परत सखुबाईकडे गेली. तिने नोंदी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तेरा ऑक्टोबर. सहा ऑक्टोबर. सखुबाईने हात वर केला.

"मला तारखा नको सांगू, बाय. तिथी सांग."

भिंतीवर कॅलेंडर होतं. तेजस्वीने बोट फिरवत सहा तारीख शोधली, चौकोनातली बारीक अक्षरं वाचली आणि मग दारातल्या शिंपल्यांच्या ढिगाकडे बघतच राहिली.

सखुबाई हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

*

संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात अकरा बायका, सखुबाई, पूर्वी, मनवा, उत्तमराव आणि गौतम जमले. राजसला बोलावलं होतं ते 'अटकेआधी एक सही हवी' म्हणून. तो वेळेवर आला, पांढऱ्या बुटांत.

"सही कुठे करू?" त्याने विचारलं.

"बसा हो. आधी गोष्ट ऐका," तेजस्वी म्हणाली. "विष टाकलेलं नाही. रिपोर्ट आलाय. निवट्या जगल्या, कारण त्या बाहेरची हवा घेतात. चिंबोऱ्या पायऱ्या चढल्या, कारण पाण्यात श्वास घेता येईना. मांजरांना काही झालं नाही, कारण माशांत काही नव्हतंच. मनवा, मेले कशाने ते सांग."

मनवाने बायकांकडे पाहून सांगितलं. "नाल्यातून येणारी घाण तळाला बसते. जंतू ती खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. हे एका दिवसाचं नाही. आमच्याकडे या खाडीच्या पन्नास वर्षांच्या नोंदी आहेत. दर दहा वर्षांनी आकडा खाली. शहर वाढलं, नाले वाढले, पाणी तापलं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. पूर्वी निदान भरती-ओहोटी खाडी धुवून काढायची. भरावाने तेही थांबलं."

"त्यात अष्टमी," सखुबाई मधेच म्हणाली. "भांगाचं पाणी. भरतीला जोरच नसतो."

"हो. म्हणजे खड्ड्यातलं पाणी अजिबात हललं नाही. वर ऑक्टोबरचा उकाडा. तळातला कुजका वायू वर आला. त्याचाच हा अंड्याचा वास, आणि त्यानेच चांदी काळी पडते. गौतम तासन्‌तास त्या पाण्यात हात घालून होता."

सगळ्यांच्या नजरा गौतमच्या मनगटाकडे वळल्या.

"हे सगळं नैसर्गिक म्हणायचं तर," राजस सावकाश म्हणाला, "मग गुन्हा कोणता?"

"नैसर्गिक?" तेजस्वीला थुंकावंसं वाटलं. "तुम्ही सोमवारी सहाला कुठे होतात?"

"सांगितलंय. जेटीच्या टोकाला."

"उत्तमराव, लावा व्हिडिओ."

फोन हातोहात फिरला. पाठमोरा गौतम, निळा कॅन, रिकामी जेटी, टोकाला बगळा.

"वेळ सहा वाजून चार मिनिटं," तेजस्वी म्हणाली. "टोकाला बगळा उभा आहे. तुम्ही नाही. माणूस मीटर घेऊन उभा असता तर बगळा तिथे थांबला असता? गौतम पाठमोरा होता आणि कॅन निळा होता, एवढंच तुम्ही जबाबात सांगितलंत. कारण व्हिडिओत एवढंच दिसतं. तुम्ही या ग्रुपवर आहात."

"मी पाच मिनिटं आधी येऊन गेलो असेन. वेळेचा घोळ."

"हरकत नाही. मग आदल्या सोमवारचं बोलू. सहा ऑक्टोबर. सायंकाळी सहा, जेटीचं टोक, खोली दोन मीटर, पाच पूर्णांक चार. तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"मावशी, ती तिथी कोणती?"

"कोजागिरी," सखुबाई म्हणाली आणि उठली. तिने राजसच्या अगदी समोर जाऊन हात कमरेवर ठेवले. "पुनवेला भरती दुपारी बाराला नि सहाला ओहोटी. वर्षातली मोठी ओहोटी. सहाला आमी अकरा बाया त्या टोकाशी चिखलात बसून शिवल्या काढीत होतो. पाणी नव्हतं रे तिथं. तू मीटर सोडलास कशात? माझ्या टोपलीत?"

 राजसच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"घटस्थापनेचा सोमवार घ्या," तेजस्वी पुढे म्हणाली. "आदल्या दिवशी अमावस्या. सहाला चिखल. तुमच्याकडे दोन मीटर पाणी. ऑगस्टपासून एक सोमवार आड हेच. तुम्ही घरी बसून तारीख आणि वार बघून आकडे भरलेत. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही असं करताना पकडलं गेलं नसतं, कारण ते आधी तिथी बघतं."

"सगळेच असंच भरतात," राजस हलक्या आवाजात म्हणाला. "आकडा चारच्या खाली गेला तर भराव थांबतो. मला वरून सांगितलेलं असतं. मी मासे मारले नाहीत."

"नाही. तुम्ही फक्त आकडा जिवंत ठेवलात. पाणी मरतंय हे माहीत असताना बायकांना त्या खड्ड्यात पिंजरे लावायला लावलेत. सोमवारी या मुलाने पिंजरे हलवू का विचारलं. तेव्हा बारा पिंजरे वाचले असते. तुम्ही न मोजलेला आकडा सांगून त्याला घरी पाठवलंत. सकाळी मासे मेल्यावर आकडा खरा ठरवायला विष हवं होतं, आणि विषाला माणूस हवा होता. तो तुम्हाला फोनवर आयता मिळाला. उत्तमराव, खोट्या नोंदी, खोटी साक्ष. घ्या ताब्यात. भरावाची फाइलही मागवा. यांना वरून कोण सांगायचं, तेही हे सांगतील."

राजस उठला. दारातून जाताना त्याचा पांढरा बूट बाहेर साचलेल्या खाडीच्या पाण्यात घसरला आणि घोट्यापर्यंत काळा झाला. तेजस्वीला त्यातही समाधान वाटलं नाही. त्या काळ्या पाण्यात तिच्या लालबागच्या चाळीचा संडासही उतरत होता. आज सकाळी गॅलरीत भरलेली चूळसुद्धा.

बायका एकेक करून निघाल्या. दोघी-तिघी गौतमजवळ थबकल्या आणि मान खाली घालून पुढे गेल्या. काल त्यांच्याच घरच्यांनी त्याला मारलं होतं.

सखुबाई राहिली. ती जावयासमोर आली, त्याचा हात धरला आणि कडं काढायला लागली.

"दे. राखेनं घासून देते. पयल्यासारखं पांढरं होईल."

गौतमने हात मागे घेतला.

"राहू द्या, आई."

"काळं कडं घालून फिरणार? लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. पुढच्या वेळी कोणी येऊन पाणी चांगलं आहे म्हणाला, तर तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास नका ठेवू. हे कडं त्याच्यासमोर धरा आणि विचारा, मग हे काळं कशानं पडलं."

सखुबाईचा हात तसाच पुढे राहिला. "तुझ्या शब्दावर तर काल ठेवायला हवा व्हता रे," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. मग तिने पूर्वीला हाक मारली, आणि तिघं बाराव्या पिंजऱ्यातले सात मासे भरावापलीकडे सोडायला होडीकडे निघाले.